गार चालणारं इंजिन

आमच्या बीडकडं कुणालाही विचारा, इंजिन कशानं मरतं? शेंबडं पोरगंही सांगेल, तापून मरतं. विहिरीचं पाणी खाली गेलं, इंजिन कोरडं चाललं, पिस्टन धरला, झालं वाटोळं. म्हणून इथला शेतकरी डिझेल इंजिनावर ओलं पोतं टाकतो, पंपाच्या पाइपातून बारीक नळी काढून गार पाणी इंजिनात सोडून देतो आणि वरून हात फिरवत म्हणतो, बघा कसं गारगार हाय. सगळी हयात उन्हात काढलेली माणसं आम्ही. तापायची भीती आम्हाला पाळण्यापासून असते. गार पडायची भीती कुणी शिकवलीच नाही.

माझी बायको याच अडाणीपणानं गेली. थंडीच्या तोंडाला ती झोपून राहिली. जेवण तुटलं. बोलणं कुठल्या कुठं जायला लागलं, मला एकदा तिनं तिच्या बापाच्या नावानं हाक मारली. हात गार, पाय गार. आमच्या शेजारी माझ्या थोरल्या भावाची बायको राहते. भाऊ जाऊन लई वर्षं झाली, वैनी एकटीच असते. तिनं कपाळाला हात लावला आणि निकाल देऊन टाकला, "ताप न्हाई भावजी. अशक्तपणा हाय. पेज पाजा."

मला पटलं नाही. मी बायकोला बोटीत घातलं, धरणाच्या पलीकडं नेलं, रिक्षा केली, दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरनं काखेत मीटर लावलं, उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाला, "ताप नाहीये बाबा. काळजी करू नका." ताकदीची बाटली दिली. मी म्हणालो, तिचे हात बघा, बर्फासारखे झालेत. म्हणाला, थंडीचे दिवस आहेत, गोधडी घाला. परत आणली. पुढं तिला बीडला नेलं तेव्हा तिथल्या मोठ्या डॉक्टरच्या हातात काही उरलं नव्हतं. तो म्हणाला, रक्तात जंतू पसरलेत. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. हे शहाणपण मला कधी कळलं? ती गेल्यावर.

जलदानाच्या विधीला आणि त्याच्या आधीमागं माणसं येत होती. यायची, पांढऱ्या कपड्यात बसायची, चहा प्यायची आणि जाताना म्हणायची, "ताप बी न्हवता म्हणं. तरास न्हाई झाला. चांगलं मरण आलं." एकाला मी चहाचा कप हातात असताना उठवून लावलं. तेव्हापासून लोक बोलायला लागले, की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही.

घरात मला बसवत नव्हतं. गॅस पेटवायची हिंमत होत नव्हती, वैनी भाकरी आणून द्यायची. म्हणून मी बोटीवर परत गेलो. बोट मच्छीमार सोसायटीची आहे, पत्र्याची. सकाळी जाळी टाकणारे घेऊन जायचे, मग धरणाच्या फुगवट्याकाठच्या आमच्या वस्तीतली माणसं, गाळपेरीची भाजी आणि दुधाचे कॅन घेऊन पलीकडं रस्त्याच्या बाजूला न्यायचे, तिथून लोक नेकनूरला, बीडला जातात. बोट आली तेव्हापासून ती मी चालवतो. त्याच्या आधी विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत हिंडायचो. शाळा चौथीपर्यंत. बोटीशिवाय आता माझ्याकडं दुसरं काही नाही, आणि बोट गेली तर मला दिवसभर त्या घरात बसावं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी गेलो नव्हतो तेवढ्या दिवसांत बोट चेअरमनच्या मेव्हण्यानं चालवली होती. सोसायटीचा चेअरमन माणूस वाईट नाही, पण मेव्हण्यापुढं त्याचं काही चालत नाही. हा मेव्हणा चौसाळ्यात ट्रॅक्टरच्या गॅरेजात काही वर्षं होता, तेवढ्यावर स्वतःला मिस्त्री म्हणवतो.

पहिल्याच सकाळी मी हँडल मारलं आणि मला कळलं की काहीतरी बिघडलंय. इंजिन दाताखाली खडे चावल्यासारखं ठोकत उठलं. मागं पांढरा धूर, डोळे चुरचुरतील असा, आणि त्याला जळलेल्या नाही तर कच्च्या डिझेलचा वास. धरणाच्या मधोमध गेलो तरी धूर तसाच. ऑइलची काडी काढून बघितली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं, पाण्यासारखं पातळ, आणि त्यालाही डिझेलचा वास. न जळालेलं डिझेल खाली उतरत होतं. आणि इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या मीटरचा काटा मेलेल्या माणसासारखा खाली पडलेला. हलायला तयार नाही.

मेव्हणा पुढं फळीवर बसला होता. तो हसला.

"बघा तात्या, कसं चालतंय! तुमच्या टायमाला काटा वर जायचा. माझ्या हाताखाली काटा हललाच न्हाई."

"काटा हलत न्हाई म्हंजे इंजिन आजारी हाय बे."

"गार हाय म्हंजे आजारी? तात्या, तुमी काही बी बोलता."

बोटीतले दोघंतिघं हसले. एक बाई म्हणाली, "गारच बरं बाबा, फुटायची भीती न्हाई." मी तोंड मिटून घेतलं. तोंड उघडलं असतं तर मी तिला धरणात ढकलून दिलं असतं.

या इंजिनाला रेडिएटर नाही, हे आधी सांगतो. समुद्रावरच्या जुन्या बोटीतून काढून आणलेलं हे इंजिन. खालून धरणाचंच पाणी ओढतं, पोटातून फिरवतं आणि मागच्या नळीतून बाहेर थुंकतं. विहिरीच्या इंजिनासारखंच, फक्त विहीर आटते आणि धरण आटत नाही. थंडीत धरणाचं पाणी सकाळी हाताला झोंबतं. तसं पाणी अखंड इंजिनाच्या पोटातून गेलं तर ते कधीच तापणार नाही, आणि न तापलेल्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळणार नाही. इंजिनाला ऊब लागते. माणसाला लागते तशी.

चेअरमननं बीडहून एक मिस्त्री आणला. त्यानं नोझल बदललं. धूर तसाच. मग म्हणाला, रिंगा गेल्यात, इंजिन उघडावं लागेल, त्यापेक्षा भंगारात घाला. चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाला, "तात्या, इंजिनाचं बी वय झालं, तुमचं बी झालं. आपण नवीन मोटर बघू. मेव्हणा चालवंल. तुमी आता आराम करा."

"कुठं करू?"

"घरी की."

"घरी कोण हाय?"

त्यानं विषय बदलला. म्हणाला, पुढच्या बाजाराच्या दिवशी भंगारवाला येणार आहे, तोवर चालवा. बाजाराला चारदोन दिवस होते.

मी त्या दुपारी बोट काठाला बांधली आणि कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आधी मीटर खोटं बोलतंय का ते बघायचं. काट्याची तार जिथं इंजिनात शिरते तिथला पितळी खिळा मी फिरवून काढला आणि काठावरच्या टपरीवरून गरम चहा आणून त्यात बुडवला. काटा सरसर वर चढला. म्हणजे काटा खरं बोलत होता, इंजिन खरंच गार होतं. चहा मी तसाच पिऊन टाकला, वाया कशाला घालवायचा. तोंडाला पितळेची चव आली.

मग मी आमच्या शेतकऱ्याची अक्कल वापरली. विहिरीवर पाणी जास्त झालं तर व्हॉल्व्हची चाकी थोडी बंद करतात. मी खालची पाण्याची चाकी अर्धी आवळली. काटा जरा हलला, पण पाण्याचा पंप रडायला लागला. त्या पंपात रबराचं पंख्यासारखं पातं असतं, त्याला पाणी कमी पडलं की ते जळून त्याचे तुकडे होतात. चाकी मी पुन्हा पूर्ण उघडली. पाणी कमी करून उपयोग नव्हता, पाणी कुठं जावं हे ठरवणारी वस्तूच आपलं काम करत नव्हती.

ती वस्तू म्हणजे थर्मोस्टॅट. पितळेची छोटी वाटी, तिच्या पोटात मेण. गार असताना तिचं झाकण बंद असतं, तेव्हा नवं पाणी इंजिनाच्या पोटात न शिरता बाजूच्या नळीतून बाहेर जातं. आतलं पाणी तापलं की मेण फुगतं, झाकण उघडतं, आणि मग गार पाणी आत जातं. झाकण उघडंच अडकलं तर इंजिन जन्मभर गार राहणार. मला वाटलं अडकलं असेल, कचरा बसला असेल. मी वरच्या टोपीचे बोल्ट काढले. पॅकिंग नवं होतं, लाल गोंद लावलेलं. टोपी उचलली.

आत काहीच नव्हतं. रिकामं भोक.

मी मेव्हण्याच्या दारात गेलो. तो ओट्यावर मोबाइल बघत बसला होता.

"थर्मोस्टॅट कुठं हाय?"

"काढून टाकलं."

"कावून?"

"पाणी अडवतं ते, तात्या. ट्रॅक्टरचं बी आमी पैलं तेच काढतो. आपल्याकडं काय काश्मीर हाय का? सगळे मिस्त्री काढत्यात."

खरं आहे. सगळे काढतात. बीडपासून चौसाळ्यापर्यंत एकही मिस्त्री सापडणार नाही ज्यानं हे काढलं नाही आणि वर शाबासकी घेतली नाही. आमच्या ऊन खाणाऱ्या मुलुखात ट्रॅक्टरला ते एकवेळ खपून जातं. पण ट्रॅक्टर तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवतो. बोट तसं करत नाही. तिला दर क्षणाला नवं गार पाणी. हे मी त्याला ओरडून सांगितलं. शिव्याही दिल्या, त्या इथं लिहीत नाही. त्याची बायको बाहेर आली, म्हणाली, "तात्या, दुःखात हायत तुमी म्हणून ऐकून घेतो."

"दुःखात हाय म्हणून मी खोटं बोलतोय का? ती वाटी दे."

नटबोल्टच्या डब्यातून त्यानं ती काढून दिली. बाजारात ट्रॅक्टरची मिळते, पण ती लई गरम झाल्यावर उघडते. धरणाचं जड पाणी तेवढं तापलं की आत दगडासारखा पांढरा थर साचतो. या इंजिनाला त्याचीच पाहिजे होती. मी ती खिशात घातली आणि घरी आलो.

ती उघडते-मिटते का हे बघायला पाणी तापवावं लागतं. तेवढ्यासाठी मी गॅस पेटवला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. काडी दोनदा विझली, त्याचाही मला राग आला. पातेलं तिचंच घेतलं, चहाचं, एका बाजूनं चेपलेलं. वाटीला सुतळी बांधून पाण्यात लोंबकळत धरली, खाली टेकू द्यायची नाही, नाहीतर पातेल्याची आच लागून खोटं कळतं.

पाणी कोमट झालं. वाटी बंद. आणखी तापलं. वाटी बंद. मला वाटलं, मेली. आणि मग बुडबुडे यायच्या लई आधी झाकण हळूच उचललं गेलं, आतली स्प्रिंग दिसली. मी ती वर काढली, वाऱ्यावर धरली. झाकण हळूहळू मिटलं. पुन्हा बुडवली, पुन्हा उघडलं.

तेवढ्यात भाकरीचं ताट घेऊन वैनी दारात.

"अगं बाई! तिच्या चहाच्या पातेल्यात लोखंड उकळताय? भावजी, काय चाललंय हे?"

"लोखंड न्हाई, पितळ हाय."

"सोनं असू द्या! त्यात तुमी चहा कसा पिणार?"

"इथं चहा करणारं कोण हाय वैनी?"

तिनं ताट खाली ठेवलं. मला वाटलं रडेल. पण वैनी रडणारातली नाही. म्हणाली, "इंजिनाला ताप आला का?"

"न्हाई. ताप येत न्हाई, हाच आजार हाय त्याचा."

"मंग ताप न्हाई तर बरंच की..."

ते शब्द ऐकले आणि मी पातेलं मोरीत आपटलं. पाणी उडालं, माझ्या पायावर सांडलं, भाजलं. मी ओरडलो, "तुमीच म्हणालता! कपाळाला हात लावून म्हणालता, ताप न्हाई! डॉक्टर म्हणाला ताप न्हाई! सगळ्या गावानं माझ्या तोंडावर सांगितलं ताप न्हाई! अंग गार पडलं होतं तिचं, वैनी, बोटं निळी पडली होती, आन् तुमी पेज पाजा म्हणालता!"

 वैनी ताट तिथंच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी भाकरी आली नाही.

मी वाटी बसवली, नवं पॅकिंग कापून लावलं, ऑइल सगळं बदललं, कारण डिझेल मिसळलेल्या ऑइलवर चालवलं तर बेअरिंगं जातात. भंगारवाला यायच्या दिवशी सकाळी चेअरमन, मेव्हणा आणि काठावर उभी राहायला ज्यांना काम नसतं ती सगळी मंडळी जमली. मी हँडल मारलं.

उठताना ठोकलं. पांढरा धूर आला. मेव्हण्यानं चेअरमनकडं बघून भुवया उडवल्या. मी बोट पाण्यात घेतली, बळ लावून चालवली, काठाकाठानं एक लांब फेरी मारली. काटा जागचा हलला. मग चढला. मधल्या खुणेला येऊन थांबला. ठोकणं गेलं. मागं वळून बघितलं तर धूर पातळ झालेला, मग नुसती वाफ, मग तीही नाही. इंजिनाचा आवाज भरल्या पोटाच्या बैलासारखा झाला.

मी काठाला आलो. चेअरमन बोटीत चढला, आधी काट्याकडं गेला आणि घाबरला.

"तात्या, हे तापतंय की!"

"तापू द्या."

"आवो, काटा अर्ध्यावर आलाय! फुटलं बिटलं तर?"

त्यानं मागच्या नळीखाली हात धरला आणि चटका बसल्यासारखा मागं ओढला. "गरम हाय!" मेव्हणा म्हणाला, "मी म्हणलो न्हवतो का दाजी? काढून टाका परत."

मी चेअरमनचं मनगट धरलं. तो मोठा माणूस आहे, त्याच्या अंगाला कुणी असा हात लावत नाही. मी त्याचा हात नळीखाली नेला आणि धरून ठेवला. तो सोडवायला बघत होता. मी सोडला नाही.

"सांगा. पोळतंय का?"

"तात्या, सोडा."

"पोळतंय का?"

"...न्हाई. कोमट हाय."

"आंघोळीला एवढं चालंल का न्हाई?"

"चालंल."

"मंग?"

काठावर कुणीतरी फिस्सकन हसलं. चेअरमननं हात धोतराला पुसला. वाकून धूर नसलेल्या नळीकडं बघितलं. मग भंगारवाल्याला म्हणाला, "जा बाबा, आज काय न्हाई." आणि मला म्हणाला, "चालवा तुमी. पन इंजिन फुटलं तर तुमच्यावर. आन् माझ्या मेव्हण्याला चार माणसांत शिव्या द्यायच्या न्हाईत."

"फुटलं तर माझ्यावर. शिव्या मी देणार."

बोट राहिली माझ्याकडं. मला आनंद वगैरे झाला नाही. उलट राग वाढला. एक पितळेची वाटी जागेवर बसवली की इंजिन ऊब धरतं, आणि माणसाचं तसं काही नाही. वेळेवर कुणी म्हणालं असतं, गार पडलीय, हे वाईट आहे, हिला आत्ताच्या आत्ता न्या, तर कदाचित. कदाचितवर मी थुंकतो, पण तो शब्द जात नाही.

त्याच दिवशी बाजारची फेरी होती. पलीकडून माणसं भरली, परत आलो, आमच्या बाजूची भरली. त्यात वैनी होती, हातात पिशवी, नेकनूरला निघालेली.  पुढं बायकांत, माझ्याकडं पाठ करून बसली. धरणाच्या मधोमध आल्यावर ती उठली आणि दुधाच्या कॅनांना धरत धरत मागं माझ्याजवळ आली.

"बसा खाली," मी म्हणालो. "बोट हलती."

ती बसली नाही. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू जावं म्हणून वाकली.

"तिचे पाय गार होते, मला दिसलं होतं," ती म्हणाली. "मी ह्यांचे मोजे आणून घातलते तिच्या पायात. लोकरीचे. ह्यांचे ठिवलेले होते पेटीत."

मला माहीत नव्हतं. बीडच्या दवाखान्यात तिच्या पायात कुणाचे तरी मोठे मोजे होते, मला वाटलं दवाखान्याचे असतील. नर्सनं ते काढून माझ्याकडं दिले होते आणि मी ते कुठंतरी टाकून दिले होते.

"आदी सांगायचं न्हाई का?" मी म्हणालो.

"कदी सांगू? तुमी आयकून घेता का कुनाचं?"

मला ओरडायचं होतं. मोज्यांनी काय होतं, असं ओरडायचं होतं. गार आहे हे हिला दिसलं होतं. मग त्या कपाळावरच्या हातानं काय बघितलं? पण हिला जेवढं येत होतं तेवढं हिनं केलं होतं, आणि नवऱ्याची पेटी उघडून केलं होतं. 

"बसा," मी पुन्हा म्हणालो.

ती इंजिनाच्या पेटीला टेकून बसली. लाकडी पेटी गरम झालेली होती. ती दचकून पुढं सरकली, मग पुन्हा टेकली.

"लई ऊब हाय की," म्हणाली.

"तेवढी लागतीच," मी म्हणालो, आणि पलीकडच्या काठावर हात वर करून उभ्या असलेल्या माणसांवर ओरडलो, की येतोय ना, दिसत न्हाई का.